काळ्या टी-शर्टाची यात्रा

आमच्या घरात एक शिसवी कपाट आहे. वरच्या कप्प्यात आबांच्या रेकॉर्डी, खालच्या कप्प्यात माझ्या कॅसेटी. मधल्या कप्प्यात चादरी, कारण आबांच्या मते दोन्ही संगीतांमध्ये निदान तेवढं अंतर पाहिजेच. आबा कोल्हापूरच्या देवल क्लबचे जुने श्रोते. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गायक नेमलं म्हणून जयपूर-अत्रौली घराणं आपल्या गावात रुजलं, हे ते दर आठवड्याला एकदा तरी सांगतात. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर म्हणजे आबांचं दैवत. माझ्या कॅसेटवरचा हाडांचा सापळा पाहून त्यांनी एकच वाक्य उच्चारलं होतं, "केसरबाईंच्या शेजारी हे भूत ठेवायचं नाही."

त्या भुताचं नाव एडी. आयर्न मेडन या इंग्लिश बँडचं ते राखणदार. 17 मार्च 2007 ला हा बँड बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवणार असं कळलं, तेव्हा आम्ही तिघांनी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसची तिकिटं काढली. तिघे म्हणजे मी, गंगावेशीतला एक पैलवान आणि एक हलगीवाला. पैलवानाला गाण्यातलं काही कळत नाही, पण गर्दीत पुढं सरकायला असा माणूस लागतो. हलगीवाला ढोलक्याच्या कामगिरीवर निकाल द्यायला आला होता.

निघताना आबांनी विचारलं, "कितीला वाजतोय?"

"संध्याकाळी."

"म्हणजे पूरिया?"

"म्हणजे इलेक्ट्रिक गिटार. तीन-तीन."

"तीन कशाला? एकाचं विसरलं तर दुसऱ्याला आठवावं म्हणून?"

उत्तर न देता मी शिदोरी उचलली. तीत चपात्या, खर्डा आणि जयसिंगपुरी भडंगाच्या दोन पिशव्या.

या मार्गावरून रॉकवाल्यानं जावं हा तसा उद्धटपणाच. मिरज आली. इथं सतार-तंबोऱ्यांचे कारागीर आणि इथंच अब्दुल करीमखाँसाहेबांची कबर. बेळगावजवळचं सुळेभावी कुमार गंधर्वांचं. पुढं धारवाड, म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर. मग हुबळी, जिथं त्या वेळी गंगूबाई हनगल राहत होत्या. पलीकडं कुंदगोळ सवाई गंधर्वांचं आणि गदग भीमसेन जोशींचं. एवढ्या सगळ्या षड्जांमधून आम्ही तीन काळ्या टी-शर्टात, कानात बोंडं घालून चाललो होतो. पण मनाला एक समाधान होतं. भीमसेन अकराव्या वर्षी गुरू शोधायला घरातून पळाले ते रेल्वेनंच, आणि बहुतेक विनातिकीट. गाण्यासाठी गाडी पकडायची या मुलखाची रीतच आहे. आमच्याकडं तर तिकीटही होतं.

बेळगावला एक म्हातारे गृहस्थ समोर येऊन बसले. आमच्या टी-शर्टांकडं बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी न राहवून म्हणाले, "बाळांनो, काळा दिवस एक नोव्हेंबरला असतोय. मार्चात कशाला घातलाय?"

त्या दिवशी सीमाभागातली मराठी माणसं काळे कपडे घालून निषेध करतात, त्यामुळं तिथं काळा कपडा अंगावर चढला की त्याला अर्थ येतो. आम्ही मेडन समजावून सांगितलं. त्यांनी कुंद्याचा डबा पुढं केला आणि म्हणाले, "असूं दे. ओरडायचंच आहे तर पोट भरून ओरडा."

पॅलेस ग्राउंड्सच्या दारात भडंग जप्त झालं. तिथल्या एका पहारेकऱ्यानं पिशवी नाकाशी नेली, लसणाचा वास घेतला आणि ती बाजूला ठेवली. बाहेर पडताना पाहिलं तर पिशवी रिकामी होती. माणूस दर्दी होता.

आधी दिल्लीचा परिक्रमा बँड वाजवून गेला. त्यांच्यात व्हायोलिन आहे. ही खबर आबांसाठी मी जपून ठेवली. मग मेडन आले. आता कोल्हापूरकराला मोठ्या आवाजाचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर उभा राहिलेला माणूस जगातल्या कुठल्याही स्पीकरला "बारकाय की" असंच म्हणतो. पैलवानानं तसंच म्हटलं. पण एक फरक त्यालाही कबूल करावा लागला. डॉल्बीत छाती हादरते आणि गाणं कुठलं ते कळत नाही. इथं छाती हादरत होती, पण स्टीव्ह हॅरिसच्या बेसचं बोट न् बोट मोजता येत होतं.

यानिक गर्स नावाचा गिटारवादक गिटार गळ्याभोवती, पाठीवरून, डोक्यावरून अशी फिरवत होता की पैलवान ओरडला, "अरे, हा दांडपट्टा खेळतोय! मर्दानी खेळात घ्या ह्याला!" निको मॅकब्रेन ढोलांच्या डोंगरामागं बसला होता, नुसता आवाज येत होता, माणूस दिसत नव्हता. हलगीवाल्यानं डोळे मिटून निकाल दिला, "हात चांगलाय. पण उभं राहून नाचत वाजवायला सांगा, मग बघू." आणि ब्रूस डिकिन्सन हा गायक. ज्या गावात जाईल त्या गावाचं नाव घेऊन लोकांना किंचाळायला लावायचं, हा त्याचा नेम. आपले बुवा "जरा शांतता राखा" अशी विनंती करतात; हा उलट तक्रार करतो की आवाज येत नाही.

आता नव्या आल्बमचा विषय. 2006 साली त्यांचा 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' आला होता. दहा गाणी, जवळजवळ 72 मिनिटं. त्याच वर्षाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत त्यांनी तो आख्खा, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला आणि जुन्या भक्तांनी कुरकुर केली. रॉकचा श्रोता हा संगीत नाटकाच्या प्रेक्षकाचा सख्खा भाऊ आहे. त्याला नवं नाटक बघायचं असतं, पण पदं जुनीच पाहिजेत. "आता नव्या आल्बममधलं" असं गायकानं म्हटलं की निम्मं मैदान पाण्याच्या बाटलीकडं निघतं. घरी सीडीवर ऐकून मीही मत दिलं होतं: लांबण लावलंय.

मैदानात ते मत गळालं. नऊ मिनिटांचं गाणं घरी पंख्याखाली ऐकताना आपण चारदा घड्याळ बघतो. हजारो माणसांत घामाघूम उभं असताना त्याची लांबी कळत नाही, चढण कळते. तेव्हापासून माझा नियम आहे की नव्या आल्बमवर निकाल घरी द्यायचा नाही. बँडचं वय वाढतं तशी गाणीही लांबतात. 2021 चा 'सेनजुत्सू' तर जवळजवळ 82 मिनिटांचा. आबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दहा गाण्यांत ब्याऐंशी मिनिटं? आमच्याकडं एवढ्यात एक राग होतोय."

इकडं पैलवानाचा मोबाइल दर दहा मिनिटांनी थरथरत होता. त्याच रात्री वेस्ट इंडीजमध्ये विश्वचषकात भारत-बांगलादेश सामना होता आणि घरून मेसेज येत होते. "सेहवाग 2." नवं गाणं. "सचिन 7." जुनं गाणं. मग तिरडीवरून उठल्यासारखा भला थोरला एडी रंगमंचावर चालत आला, दशावतारातल्या संकासुरासारखा, आणि मैदान वेडं झालं. पैलवानही ओरडत होता, पण रडवेल्या चेहऱ्यानं.

भारत 191 वर आटोपला आणि पाच गड्यांनी हरला. कर्णधार राहुल द्रविड, आणि आम्ही रविवारी नेमके त्याच्याच गावात. टपरीपासून स्टेशनपर्यंत सगळीकडं सुतक. त्यात आम्ही तिघे कालच्याच काळ्या टी-शर्टात. चहावाल्यानं आमच्याकडं पाहून मान हलवली आणि पैसे घेतले नाहीत. त्याला वाटलं, निषेध आहे. आम्ही खुलासा केला नाही. फुकटच्या चहापुढं सत्याचा आग्रह धरू नये.

परतीच्या गाडीत माझी मान डावीकडं वळेना. तालावर डोकं आपटायचं ते मी संपूर्ण तपशिलासह केलं होतं. पैलवानाला काही झालं नव्हतं. "मानेवर दंड मारत जा," एवढंच तो म्हणाला.

घरी पोचलो, आबांनी दार उघडलं. काळे कपडे, वाकडी मान, बसलेला आवाज. "कोण गेलं रे?" त्यांनी घाबरून विचारलं.

सगळं सांगितलं. त्यांनी नेमके प्रश्न विचारले. "नव्या चिजा किती?"

"चार-पाच."

"लोक बसले?"

"बसायला जागाच नव्हती."

"वन्समोर?"

"झाला."

"मग मैफल झाली म्हण की."

पुढच्याच वर्षी, 1 फेब्रुवारी 2008 ला, मेडननं जगाचा दौरा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. बोइंग 757 मध्ये सामान, कामगार आणि बँड भरून ते विमान गायकानं स्वतः चालवत आणलं. आबांना हे मात्र मनापासून आवडलं. "म्हणजे फडाचा मालकच ट्रक चालवतोय. तमाशा टिकायचा असेल तर असंच पाहिजे."

एवढ्यावर न थांबता मी शेवटचा डाव टाकला. 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवली. पृथ्वीवरचं निवडक संगीत तिच्यावर आहे. तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे आणि चक बेरीचं रॉक अँड रोलही आहे. एकाच तबकडीवर, मध्ये चादरी नाहीत. पहिलं व्हॉयेजर 2012 मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं, तरी आतून भांडणाचा आवाज आलेला नाही.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आधी कोण आहे तिच्यात?"

"चक बेरी. केसरबाई त्याच्या बऱ्याच मागून."

"बरोबर आहे. पोरंटोरं आधी गातात. भैरवी मागूनच असते."

दुसऱ्या दिवशी माझ्या कॅसेटी वरच्या कप्प्यात होत्या. केसरबाई आणि एडी यांच्यामध्ये आबांनी फक्त एक पंचांग उभं करून ठेवलं होतं.