वसुली फक्त गरिबाकडून

मार्च 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात कोरोनामुळे दुकाने बंद झाली आणि सरकारी मदत कचेऱ्यांबाहेर बेकारांच्या रांगा लागल्या. 30 तारखेला पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी ‘जॉबकीपर’ योजना जाहीर केली. धंदा बसलेल्या मालकाला दर कामगारामागे पंधरवड्याला 1500 डॉलर मिळणार होते, म्हणजे कुणाला कामावरून काढायची वेळ येणार नव्हती. योजना गरजेचीच होती. तिच्यामुळे पहिल्या चार महिन्यांत किमान सात लाख नोकऱ्या टिकल्या, असे तिथल्या रिझर्व्ह बँकेचा अभ्यास सांगतो. माझा राग आहे तो त्या योजनेत न घातलेल्या एका कलमावर.

उलाढाल 30 टक्क्यांनी घटणार, एवढा अंदाज मालकाने दिला की पैसे सुरू. अब्ज डॉलरांहून मोठ्या कंपनीला ही अट 50 टक्क्यांची. आणि उलाढाल घटलीच नाही, उलट वाढली तर? तर पैसे कंपनीकडेच. परतफेडीची अट सरकारने घातलीच नाही. अर्थखात्याने पुढे स्वतःच हिशेब मांडला, तेव्हा कळले की पहिल्या सहा महिन्यांत 27 अब्ज डॉलर अशा धंद्यांकडे गेले होते, ज्यांची उलाढाल ठरलेल्या प्रमाणात घटलीच नव्हती. हार्वे नॉर्मन या दुकानसाखळीने आणि तिच्या फ्रँचायझींनी मिळून दोन कोटींहून अधिक डॉलर घेतले. टाळेबंदीत लोक घरी बसून फ्रीज, टीव्ही, टेबलखुर्च्या घेत होते, आणि कंपनीचा वर्षाचा नफा 84 कोटींवर गेला. बराच ओरडा झाल्यावर तिने सुमारे 60 लाख परत केले, तेही स्वखुशीने, कारण कायद्याने तिच्याकडे एक डॉलरही मागता येत नव्हता.

अटी घातल्या असत्या तर मालक घाबरले असते, असा सरकारचा बचाव. शेजारच्या न्यूझीलंडमधले मालक का नाही घाबरले? तिथेही पगाराचे अनुदान होते. पण पात्रता नव्हती असे निघाले तर पैसे परत करायचे होते, आणि कुणी किती घेतले ते कुणालाही सरकारी संकेतस्थळावर पाहता येत होते. अनेक कंपन्यांनी पैसे परत केले.

आता याच मॉरिसन यांची दुसरी बाजू बघा. 2015 मध्ये ते समाजकल्याण मंत्री असताना ‘रोबोडेट’ या वसुली योजनेची आखणी झाली. भत्ता घेणाऱ्या माणसाची वर्षाची कमाई संगणक पंधरवड्यांत सारखी वाटून टाकी, आणि त्यावरून ‘तुम्ही जास्त भत्ता उचललात’ अशी नोटीस घरी येई. ज्याला वर्षातले चारच महिने काम मिळाले, त्याने बाराही महिने कमावले असे धरले जाई. निर्दोष असल्याचा पुरावा त्यानेच आणायचा, तोही वर्षांपूर्वीच्या पगारचिठ्ठ्या शोधून. काहींनी या तगाद्यापायी जीव दिला. ही वसुली बेकायदा होती. 2020 मध्ये सुमारे 4 लाख 70 हजार प्रकरणांतले पैसे परत करायची वेळ सरकारवर आली. बेकार माणसाच्या पगारचिठ्ठीचा पाठलाग करणारे सरकार कंपन्यांच्या 27 अब्जांपुढे मात्र हात बांधून उभे राहिले. याला मी अन्यायच म्हणेन.

आणि कंपन्यांवर असा अटींशिवाय विश्वास टाकणे एकदाच घडलेले नाही. 2016 मध्ये मॉरिसन अर्थमंत्री होते. कंपनीकर 30 वरून 25 टक्क्यांवर आणू, मग गुंतवणूक आणि रोजगार वाढेल, असा त्यांचा अर्थसंकल्प सांगत होता. मोठ्या कंपन्यांच्या संघटनेने 2018 मध्ये सिनेटरांना पत्र लिहून तसे वचनही दिले, पण किती नोकऱ्या आणि कधीपर्यंत, याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हते. सिनेटने त्या ऑगस्टमध्ये बड्या कंपन्यांची सवलत फेटाळली, ते योग्यच केले. सवलत मिळाली ती पाच कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या कंपन्यांना.

जॉबकीपरमधून वगळले कुणाला, हेही सांगायला हवे. तात्पुरत्या व्हिसावर काम करणारे जवळजवळ सगळेच वगळले गेले. त्यांत मेलबर्न-सिडनीच्या हॉटेलांत भांडी घासत, माल पोचवत शिकणारी पुण्या-नागपूरची मुलेही होती. कर ती भरत होती, काम त्यांचेही गेले होते. ‘आपापल्या घरी जा’ असे पंतप्रधानांनी एप्रिलमध्ये सांगितले, आणि तेव्हा विमाने जवळजवळ बंद होती. त्यातल्या अनेकांनी गुरुद्वाऱ्यांतून येणाऱ्या डब्यांवर दिवस काढले.

आता सरकार पंतप्रधान अल्बानीज यांचे आहे. हरित हायड्रोजनच्या किलोमागे दोन डॉलर आणि कळीच्या खनिजांच्या शुद्धीकरणाच्या खर्चावर 10 टक्के करसवलत देणारा कायदा 2025 मध्ये झाला. कारण पुन्हा रोजगाराचेच दिले आहे. ही सवलत जुलै 2027 पासून लागू व्हायची आहे. घेणाऱ्या प्रत्येक कंपनीचे नाव, तिने कबूल केलेल्या नोकऱ्यांचा आकडा आणि तो न गाठल्यास परतफेड, ही तीन कलमे पहिला डॉलर बाहेर पडण्याआधी लिहून घ्यावीत.