आठशेचं फौंडेशन

जुन्या गाडीची परीक्षा घाटात होत नाही, टोलनाक्यावर होते. धावताना आमची मारुती आठशे इतकी गुणी, की मागे बसलेल्या मामांना खंबाटकी चढताना डुलकी लागली. रांगेत थांबली की मात्र, बँड बंद पडल्यावर वरातीतला घोडा जागच्या जागी थयथयतो, तसं सुरू.

खेड शिवापूरला डॅशबोर्डवरच्या गणपतीनं मान डोलावली, ती आम्ही शुभशकुन म्हणून पदरात पाडून घेतली. आनेवाडीला गिअरची दांडी थरथरू लागली आणि आरशात मागचा उसाचा ट्रक एकाचे दोन दिसायला लागला. तासवड्याला समोरचा कप्पा आपोआप उघडला आणि आरसी बुक, पीयूसी, लिमलेटच्या गोळ्या असा सगळा ऐवज बायकोच्या मांडीवर आला.

"पेट्रोलात पाणी आहे," मामा म्हणाले. बायकोचा संशय प्लगवर. शेजारच्या रांगेतल्या टेम्पोवाल्यानं, कुणी विचारलेलं नसताना, व्हील बॅलन्सिंग करून घ्यायला सांगितलं. गाडी उभी होती!

वास्तविक हे तीन सिलिंडरचं 796 सीसीचं इंजिन मुळातच थोडं हलतं. चार सिलिंडरवाल्यात क्रँकशाफ्टच्या दर अर्ध्या फेरीला एक धक्का मिळतो, याला दोन तृतीयांश फेरी वाट बघावी लागते. वर दोन टोकांचे पिस्टन इंजिनाला आलटून-पालटून दोन्हीकडून उचलतात. ही थरथर सांगाड्यापर्यंत पोचू नये म्हणून इंजिन लोखंडाला चिकटवलेल्या रबरांवर बसवतात; गॅरेजच्या भाषेत हेच फौंडेशन. वेग वाढला की धक्के जवळजवळ येतात आणि जाणवेनासे होतात. आयडलिंगला एकेक धक्का मोजून घ्यावा. 1983 च्या डिसेंबरात पहिली आठशे रस्त्यावर आली आणि 2014 च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. म्हणजे अगदी शेवटच्या गाडीचं मूळ रबरही आता निवृत्तीला आलेलं. त्यात गाडीचा काय दोष?

किणीला क्लच सोडला आणि बॉनेटखालून 'धाड'! "काहीतरी पडलं," असं म्हणत मामा रत्नागिरीच्या फाट्यापर्यंत मागच्या काचेतून रस्ता तपासत होते. आम्ही फाटा सोडून कोल्हापुरात शिरलो आणि थेट उद्यमनगर गाठलं. तिथे लोखंडाच्या कुठल्याही दुखण्याला माणूस सापडतो.

मिस्त्रींनी इंजिनाचा आवाज ऐकायचीही तसदी घेतली नाही. "बॉनेट उचला. हँडब्रेक करकचून वडा. ब्रेकवर पाय. आता पयला टाका आनि क्लच हळूच सोडा. जरासाच." मी सोडला. इंजिन एका अंगानं चांगलं वर उचललं गेलं. "आता रिव्हर्स." ते दुसऱ्या अंगाला कलंडलं. मामा हा सोहळा बंपरसमोर उभे राहून, वाकून बघत होते.

"पावणं, बाजूला व्हा," मिस्त्री म्हणाले, "हँडब्रेक बी त्याच वयाचा हाय."

मग बॅटरी मारून त्यांनी उजव्या बाजूचं रबर दाखवलं. पट्टीपासून सुटून फाटलेलं, वर तेलानं माखून फुगलेलं. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल थेंबथेंब त्यावर गळत होतं, आणि ऑइल हे या रबराचं विष. "नुसतं फौंडेशन बदलून काय उपेग? पॅकिंग आधी. न्हाईतर नव्याचं बी हेच हुनार." दुसऱ्या बाजूचंही बदला म्हणाले, एक बसलं की त्याचा भार दुसऱ्यावर जातो. मला ते पटलं. मामांना पटलं नाही, पण पैसे माझे होते.

चेंबरखाली जॅक, जॅकवर लाकडी फळी. नुसत्या जॅकनं पत्र्याचं चेंबर पोचतं. इंजिन उचलायचं नाही, फक्त रबरावरचा भार काढायचा. गंजलेल्या बोल्टांना रॉकेल पाजून ठेवलं तेवढ्यात आम्ही मिसळ खाऊन आलो. जुनं आणि नवं रबर पत्र्यावर शेजारी-शेजारी ठेवलेलं होतं. जुनं बोटभर खचलेलं. दाबलं की चीर मिटायची, सोडलं की पुन्हा आ वासायची. नवे बोल्ट मिस्त्रींनी आधी हातानंच फिरवले, इंजिन चालू करून ते आपल्या जागी बसू दिलं आणि मगच पान्यानं आवळले. "आधीच आवळलं की रबर पिळून बसतंय."

आंबा घाटापर्यंत गाडी अशी शांत, की आजवर इंजिनानं झाकून ठेवलेलं सगळं ऐकू यायला लागलं. वायपर कुरकुरत होता. मागच्या सीटखाली पाना लोळत होता. मामांच्या बाजूची खिडकी तर अखंड खडखडत होती.

"सूनबाई, काळजी करू नका, मी धरतो," असं म्हणून मामांनी साखरप्याला काच दोन्ही हातांनी धरली आणि वर ढकलून एकदाची घट्ट केली. पालीला चहासाठी उतरलो, तेव्हा काचेबरोबर आतली कडीही अडकली होती. बायकोनं चहा बाहेरून द्यायचा प्रयत्न केला, पण काच खाली येईना.