लाखाची गाडी आणि व्होडकाची बाटली

सिंगापूर, रविवार

ती. आई आणि अण्णांस,


काल फोनवर आईनं इतके प्रश्न विचारले, पण उत्तरं ऐकून घेतली नाहीत. शिवाय मागे मालिका आणि दारात भाजीवाला. म्हणून लिहायला बसलेय. कुकर लावलाय, त्यामुळे मधेच उठावं लागेल.

पहिला प्रश्न लाखाचा. चिंगीनं तुम्हाला सांगितलं, “आईनं रोज एक लाख भाड्याची गाडी घेतली.” पोरगी खोटं बोलली नाही. पण आम्ही बालीला फिरायला गेलो होतो, ते लाख तिथले. इंडोनेशियाचे एक लाख रुपिया म्हणजे आपले साधारण सव्वापाचशे रुपये. विमानतळावर उतरल्यावर व्हिसाचे माणशी पाच लाख आणि २०२४ पासून पर्यटकांवर बसवलेल्या कराचे दीड लाख वेगळे. तुमच्या जावयांनी पहिल्याच दिवशी एटीएममधून वीस लाख काढले आणि रात्रीच्या जेवणापर्यंत साखर कारखान्याच्या चेअरमनसारखे चालत होते. बिल आल्यावर उतरले.

दुसरा प्रश्न बाटलीचा. फोटोत ह्यांच्या हातात व्होडकाची बाटली आहे हे खरं, पण आत पेट्रोल आहे. तिथं किराणा दुकानाबाहेर लाकडी फळीवर ॲब्सोल्यूट व्होडकाच्या रिकाम्या बाटल्यांत पेट्रोल भरून ठेवतात आणि नरसाळ्यानं टाकीत ओततात. पंपावर साधं पर्टालाइट १०,००० रुपिया लिटर, म्हणजे बावन्न-त्रेपन्न रुपये. बाटलीवाला वर थोडं घेतो. अण्णा, सांगलीच्या पंपावरचा भाव आठवून बी.पी. वाढवून घेऊ नका. आणि आई, तो फोटो भजनी मंडळाच्या ग्रुपवर पाठवायची काय घाई होती? आता कुलकर्णीकाकूंना पटवणं तुझ्याकडे.

तिसरा प्रश्न तू दबक्या आवाजात विचारलास: स्कूटरवर जावई मागे आणि लेक पुढे, हे कसं दिसतं? आई, कायदेशीर दिसतं. बालीत दुचाकी चालवायला आपलं लायसन आणि त्याच्या जोडीला इंटरनॅशनल परमिट लागतं. दिवाळीत अण्णांना घेऊन सांगलीच्या आरटीओत गेले होते, हजार रुपये भरले होते, ते हेच. वर्षभर चालतं. त्यात ‘ए’ म्हणजे दुचाकी, ‘बी’ म्हणजे मोटार. माझ्याकडे दोन्ही आहेत. ह्यांचं सातारचं लायसन फक्त मोटारीचं, म्हणून परमिटही तेवढंच. मग कॉलेजात असताना यवतेश्वरचा घाट कोणाच्या गाडीवर आणि कुठल्या लायसनवर चढायचे, हे मी विचारलं. विषय कास पठाराच्या फुलांवर गेला.

(शिट्टी झाली. आले.)

इथे सिंगापुरात आम्ही दुचाकी का घेत नाही, असं अण्णा दर वेळी विचारतात. एकदा शेवटचं सांगते. इथे आधी गाडी घ्यायची परवानगी विकत घ्यायची. तिचं नाव सीओई. महिन्यातून दोनदा तिचा लिलाव होतो. २०२२ च्या अखेरीला दुचाकीच्या परवानगीचा भाव १३,००० डॉलरच्या वर गेला होता. साडेसात लाखांहून जास्त रुपये! ह्यात गाडी नाही, चाक नाही, आरसासुद्धा नाही. कागदसुद्धा हातात मिळत नाही, सगळं संगणकावर. गाडीचे पैसे वेगळे, रजिस्ट्रेशन वेगळं.

बरं, एवढं भरून ती परवानगी दहा वर्षांचीच. दहा वर्षं झाली की तेव्हाच्या सरासरी भावानं पुन्हा पैसे मोजा, नाहीतर गाडी मोडीत. अण्णा, तुमची कायनेटिक होंडा पडवीत ताडपत्रीखाली किती वर्षं उभी आहे? इथल्या हिशेबानं तिच्या नावावर आतापर्यंत तासगावची द्राक्षबाग गेली असती. ह्यांना मी म्हटलं, दोन चाकं हवीतच तर सायकल घ्या. तेव्हापासून ‘बघू’ चाललंय.

म्हणून बालीत गेल्यावर हात शिवशिवले. वन्सं आणि त्यांची मंडळी बरोबर होती. पोरांसाठी ड्रायव्हरसकट मोटार ठरवली होती आणि पोरांना दुचाकीवर बसवायचं नाही हे आधीच ठरलं होतं. तिथली माणसं चौघं-चौघं एका स्कूटरवरून जातात. चिंगीनं ते दाखवून वाद घातलाच. तिला म्हटलं, त्यांचा जन्म ह्या रस्त्यांवर गेलाय, आपण पाहुणे. देनपसार-चांग्गूच्या गर्दीत मी गाडीला हात लावला नाही. तिकडे भातखाचरांमधून जाणारा एक अरुंद शॉर्टकट आहे, त्यावरून मोटारी-स्कूटरी खाचरात पडल्याचे व्हिडिओ ह्यांनी मला मुद्दाम दाखवले. गाडी घेतली ती पूर्वेला सिडेमेनला. भातशेतीचं खोरं, मागे अगुंग डोंगर, तीन हजार मीटरच्या वर, आणि रस्त्यावर वर्दळ बेताची. तीही फक्त सकाळी, कोरड्या रस्त्यावर, अंधारापूर्वी परत.

गाडीवाल्यानं आधी पासपोर्ट ठेवायला मागितला. नाही दिला. रोख अनामत दिली, पावती घेतली. मग अण्णांच्या पद्धतीनं तपासणी: दोन्ही ब्रेक, हॉर्न, दिवे, टायरची नक्षी, आरसे. प्रत्येक ओरखड्याचा गाडीवाल्यासमोर व्हिडिओ काढला. तो हसत होता, पण आणखी दोन ओरखडे त्यानंच दाखवले. गाडीची कागदं सीटखाली आहेत का पाहिली, कारण पोलीस लायसन आणि कागदं दोन्ही मागतात. तिथल्या २००९ च्या कायद्यानं लायसनशिवाय चालवलं तर दहा लाख रुपियांपर्यंत दंड, नाहीतर चार महिन्यांपर्यंत कैद. दंडापेक्षा मला विम्याची धास्ती होती. त्या वर्गाचं लायसन नसलं किंवा डोक्यावर हेल्मेट नसलं तर प्रवासविमा बहुधा हात वर करतो आणि हॉस्पिटलचं बिल आपल्या गळ्यात. पॉलिसीतलं बारीक अक्षर मी वाचलं, ह्यांनी चष्मा पुसला.

हेल्मेटची वेगळीच गंमत. पहिलं दिलं ते नुसती टोपली, पट्टा तुटका. मी परत केलं. तिथं आपल्या आयएसआयसारखा एसएनआयचा शिक्का लागतो. तो पाहून, डोकं हलवून, हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच पट्टा आवळून घेतलं. ह्यांच्या डोक्याच्या मापाचं मिळेना. शेवटी गाडीवाल्याच्या मेव्हण्याचं आणलं, गुलाबी, त्यावर मांजर. फोटो वेगळा पाठवते. तो मात्र भजनी मंडळाला जरूर दाखव.

पर्यटक मात्र चड्डीवर, उघड्या अंगानं, पायात सपाता, डोकं मोकळं. २०२३ च्या मार्चमध्ये बालीचे गव्हर्नर वायान कोस्टर इतके वैतागले की परदेशी पाहुण्यांना दुचाकी भाड्यानं द्यायचीच नाही असं म्हणाले. ते काही झालं नाही. पण रस्त्यावर पाहिल्यावर त्यांचा राग मला कळला.

आमच्या गाडीच्या आरशाच्या दांडीला नारळाच्या झावळीचं वाळलेलं नक्षीकाम बांधलेलं होतं. विचारलं तर गाडीवाला म्हणाला, तुंपेक लांडेपचं आहे. दर २१० दिवसांनी एका शनिवारी तिथले हिंदू लोखंडाच्या वस्तूंची पूजा करतात. पूर्वी शस्त्रं असायची, आता स्कूटरी आणि मोटारी. आई, आपली खंडेनवमीच की गं! मी त्याला अण्णांनी दसऱ्याला कायनेटिकला घातलेल्या झेंडूच्या हाराचा फोटो दाखवला. त्यानं भाड्यात पाच हजार कमी केले. हुरळून जाऊ नका, पंचवीस-सव्वीस रुपये.

रस्त्यात दारोदार फुलांचे छोटे नैवेद्य ठेवलेले असतात, ते चुकवायचे. मिरवणूक आली की इंजिन बंद करून थांबायचं, हॉर्नला हात लावायचा नाही. आणि उताराला जपायचं: गिअर नसलेल्या गाडीला इंजिनाचा आधार कमी, सगळा भार ब्रेकवर. सतत दाबून धरला की ब्रेक तापतो आणि धरेनासा होतो. म्हणून आधीपासून हळू, दोन्ही ब्रेक मिळून, थोडं दाबून सोडायचं. वाळू किंवा खडी दिसली की पुढचा ब्रेक विसरायचा.

हे कुणी शिकवलं ते माहीतच आहे. हरिपूरच्या रस्त्यावर अण्णा कॅरियर धरून मागे पळायचे आणि संगमाजवळ केव्हा सोडलंत ते मला कधीच कळलं नाही. सिडेमेनच्या एका वळणावर मागून हे म्हणाले, “हळू.” अगदी तुमच्या सुरात. आरशात बघायला धीर झाला नाही. ह्यांना वाटलं माझ्या डोळ्यांत किडा गेला. मीही तसंच म्हटलं.

चटक्याचं आता सांगूनच टाकते, कारण वन्सं सांगतीलच. जावई थाटात उजवीकडून उतरले आणि पोटरी सायलेन्सरला टेकली. रुपयाएवढा चटका. तू “हळद लाव” म्हणशील. सांगलीची हळद जगात भारी, पण भाजल्यावर नाही. वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरलं, मग स्वच्छ कापड. टूथपेस्टही नाही. आता बरं आहे, फक्त ऐकणारा मिळाला की लंगडतात.

आता घरचं. भिलवडीच्या आत्यांना सांगा, मिरजेच्या लग्नाचा विषय पुरे. तिथल्या श्रीखंडाला आता कोणी जबाबदार नाही. बंडूदादाला विट्याचं स्थळ पसंत असेल तर त्यालाच बोलू दे, काकांनी नको. सुमीच्या लेकीचं नाव काय ठेवलं ते कोणीच कळवलं नाही, बारशाच्या जेवणाचा मेनू मात्र तिघींनी कळवला. भडंग पाठवाल तर लसणाचं वेगळं बांधा.

आणि अण्णा, मारुती चौकात भाजीला जाताना हेल्मेट हँडलला अडकवलेलं असतं, हे सुमीनं सांगितलंय. “गावातल्या गावात” हे कारण चालणार नाही. मी इथून हेल्मेट आणणार नाही, कारण त्यावर आयएसआयचा शिक्का नसणार आणि तुम्हाला ते न घालायला कायदेशीर कारण मिळेल. तिथूनच घ्या, मापाचं घ्या, आणि आईसाठीही एक घ्या. रंग तिला निवडू द्या.

तुमची,
शमा

ता. क. भात करपला. आईला सांगू नका.