ओल्या सुपारीचा आवाज

मावशीला तुळशीबागेत न्यायचं कबूल केलं होतं. पण ऊन फार, म्हणून वाटेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात शिरलो. मावशी ब्याऐंशीची. पाटी मोठ्यानं वाचणार आणि मग पाटीवर नसलेलं सांगणार.

अडकित्त्यांच्या कपाटापुढे ती थबकली. नक्षीचे, पितळेचे, एकेक असा देखणा की सुपारी कातरायला जीव होऊ नये. मावशी म्हणाली, "मुके झालेत रे बिचारे." आणि जीभ टाळ्याला लावून तिनं आवाज काढला, "कटक्!" मग म्हणाली, "मामंजींचा अडकित्ता लागोपाठ वाजला की समजायचं, स्वारी खुशीत आहे. मधेच थांबला की आम्ही सुनांनी पदर सावरायचा."

रखवालदार लगबगीनं आला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तो म्हणाला, "आजी, वजरी कशी वाजायची?"

मग काय! मावशी सुरूच झाली. पाय घासायच्या त्या पितळी वजऱ्यांपैकी काहींना घुंगरं असतात. न्हाणीघरात कोण आहे आणि किती वेळ आहे, हे ओसरीवर कळायचं म्हणे.

मागे एका संग्रहालयात मी माहिती सांगणारं यंत्र कानाला लावून हिंडलो होतो. आकडा चुकीचा दाबला गेला आणि पानिपतची लढाई ऐकत मी दहा मिनिटं एका तांब्याच्या हंड्यासमोर उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, हंडा शूर वाटू लागला. गोष्टीचं असं असतं, कानावर पडेल तशी वस्तू दिसू लागते. म्हणून इथल्या मस्तानी महालात कुणी ध्वनी बसवायचं मनावर घेतलं तर काय होईल, याची मला धास्ती आहे. कोथरूडच्या वाड्याचे अवशेष आणून उभारलेल्या त्या दालनात हमखास घुंगरूच वाजतील. घोडदौडीत तरबेज म्हणून सांगतात त्या बाईच्या वाट्याला घोड्याची एक टाप येणार नाही.

हे सगळं जमवणारे केळकर चष्म्याच्या दुकानाचे मालक आणि 'अज्ञातवासी' नावानं लिहिणारे कवी. संग्रहालयाच्या नावातला राजा म्हणजे त्यांचा मुलगा. तो लहानपणीच गेला. घरातला एक आवाज थांबला आणि हा माणूस दुसऱ्यांच्या घरातले दिवे, दौती, कुलपं, फण्या गोळा करत राहिला. सुमारे २०,००० वस्तू झाल्या, आणि पुढे त्या सरकारच्या स्वाधीन केल्या. यावर मावशी काहीच बोलली नाही. पर्स मात्र दोनदा उघडून मिटली.

जिना उतरताना वर शाळेच्या पोरांचा गलका ऐकू आला. पाठोपाठ रखवालदाराचा आवाज, "आता ऐका, कटक्!" पोरं खिदळली.

मावशी पायरीवर थांबली. कान देऊन म्हणाली, "ओल्या सुपारीचा काढला मेल्यानं."