डाव्या कानाचा खर्च

सरकारी सूत्राप्रमाणे मी १६.६७ टक्के बहिरा आहे. चांगल्या कानाच्या दोषाची टक्केवारी गुणिले पाच, त्यात वाईट कानाची टक्केवारी मिळवायची आणि सहाने भागायचं, असं ते सूत्र. माझा उजवा कान ठणठणीत, म्हणजे शून्य. डावा पार गेलेला, म्हणजे शंभर. शंभर भागिले सहा. दिव्यांगांच्या सवलतींना किमान ४० टक्के लागतात. शिवाय २०१६च्या कायद्याने बहिरेपणाच्या व्याख्येत 'दोन्ही कानांत' असं लिहून वादच मिटवून टाकलाय. गणितात पस्तिशीच्या काठाने वर गेलेला मी, बहिरेपणात मात्र साफ नापास. आयकरातली दिव्यांगांची ७५ हजारांची वजावटही याच ४० टक्क्यांवर अडते. तेव्हा डाव्या कानाचा जो काही खर्च होईल तो उजव्या खिशातून, हे आधीच ठरलेलं होतं.

कान गेला तो गालगुंडात. मी दुसरीत होतो. आईने गालावर लेप घातला, डोक्याला मफलर गुंडाळला, आठवड्याभरात गाल उतरला आणि घरादाराने सुटकेचा निःश्वास टाकला. त्या सुजेबरोबर कानही गेलाय हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा. पुढे वाड्यात पहिला फोन आला, तेव्हा मी ऐटीत रिसीव्हर डाव्या कानाला लावला आणि फोन बंद असल्याचं जाहीर केलं. मालकांनी लाइनमनला बोलावलं. तो बिचारा दोन तास वायरी तपासत बसला. (जाता जाता : २०१७ पासून सरकारी लसीकरणात जी लस आली ती गोवर आणि रुबेलाची, गालगुंड त्यात नाही. घरात लहान मूल असेल तर बालरोगतज्ज्ञांना एमएमआरबद्दल विचारून ठेवा. या लेखातला हा फुकटचा भाग.)

एका कानावर माणसाचं आयुष्य अगदी व्यवस्थित चालतं. फक्त थोडं राजकारण करावं लागतं. पंगतीत डावीकडचं शेवटचं पान धरायचं. मीटिंगमध्ये टेबलाचं डावं टोक. फिरायला जाताना मित्र डाव्या बाजूला आला की बुटाची नाडी बांधायला वाकायचं आणि उठताना बाजू बदलायची. माझ्या नाड्या सतत का सुटतात हे आमच्या ग्रुपमध्ये अजून कोडं आहे. रात्री उजव्या कुशीवर झोपलं की चांगला कान उशीत बंद होतो आणि जग संपतं. गणपतीच्या दहा दिवसांत आमच्या गल्लीत शांत झोपणारा मी एकटाच. मंडळाचे कार्यकर्ते मला सहिष्णू समजतात.

अडचण दिशेची. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी आणि उजव्याला मग पोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापेक्षाही कमी, पण मेंदू तेवढ्यावर दिशा ओळखतो. माझ्या मेंदूकडे फरक काढायला दुसरा आकडाच येत नाही. त्यामुळे कुकरची शिट्टी आमची की शेजाऱ्यांची हे मला स्वयंपाकघरात जाऊनच कळतं. घरात हरवलेल्या मोबाइलला रिंग दिली, तर तो प्रत्येक खोलीत वाजतो. लक्ष्मी रोडवर कुणी हाक मारली तर मी जागच्या जागी एक पूर्ण प्रदक्षिणा घालतो. लोकांना वाटतं दर्शन चाललंय.

शिवाय गाडी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे शेजारी बसणारी व्यक्ती कायम डाव्या कानाशी. आमचा संसार सुखाचा होण्यात मोटार वाहन कायद्याचा वाटा मोठा आहे. मध्यंतरी मेव्हण्याकडे न्यू जर्सीत एडिसनला गेलो होतो. ज्याच्या नावाचं ते गाव, तो थॉमस एडिसनही कानाने अधू होता, म्हणून मला तिथे आपलेपणा वाटला. पण तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो! एडिसन ते नायगरा सगळा रस्ता पत्नी माझ्या उजव्या कानाशी. नायगरा त्या मानाने शांत वाटला. तिचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, ''त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, इतकी वर्षं मी कारच्या दाराशीच बोलत होते.''

तिच्या बोलण्यातला विनोद त्या दिवशी जरा कमी होता. त्यात मुलीने घरी एक शोध जाहीर केला, ''बाबा 'हो' म्हणाले की समजायचं ऐकलेलं नाही. 'कशाला?' म्हणाले की ऐकलं.'' यावर मी ''हो'' म्हणालो आणि यंत्र घ्यायचं ठरलं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे बाहेर एक काकू बसल्या होत्या. महिन्यापूर्वी सकाळी उठल्या तो एक कान बंद. मळ असेल म्हणून कोमट तेल, मग शेक, मग कुणाचा तरी लसणाचा उपाय. डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं माझ्या चांगल्या कानाने ऐकलं : असा कान अचानक गेला तर ती तातडीची बाब असते, पहिल्या काही दिवसांत स्टेरॉइड मिळाली तर तो परत यायची शक्यता बरी असते, पुढे दर आठवड्याला ती घटत जाते. काकू मुकाट्याने पर्स उघडबंद करत राहिल्या. या एका परिच्छेदात विनोद नाही.

तपासणीसाठी मी मुंबईला वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत गेलो. वाक् आणि श्रवण दोषांसाठीची ही केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था, १९८३ची. तिथे बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. माझ्या डाव्या कानाने चक्क उत्तरं दिली. मी हरखलो. तपासणाऱ्या मुलीने शांतपणे उजव्या कानात 'सुंऽऽ' असा घोष सोडला आणि डावा एकदम गप्प झाला. मोठा आवाज कवटीतून पलीकडे जातो आणि चांगला कान तो ऐकतो. कॉलेजात लागायची तशी प्रॉक्सी. त्या 'सुंऽऽ'ला मास्किंग म्हणतात. ते न करता कुणी तुमचा एकच कान तपासला, तर तो कागद रद्दीत घाला.

आता उपाय. डाव्या कानात साधं यंत्र घालून भागत नाही, कारण ते आवाज मोठा करून ज्याच्या हवाली करणार तो कामावरच नाही. कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल विचारलं तर डॉक्टर म्हणाले, लहानपणापासून बंद असलेल्या कानाला त्याचा फायदा फारसा होत नाही, आणि खर्च ऐकायला दोन्ही कान लागतील. तिसरा मार्ग हाडाचा : कानामागे कवटीत टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवायचा, त्याला यंत्र अडकवायचं, ते डावीकडचा आवाज हाडातून उजव्या कानाला पोचवतं. स्वीडनमध्ये १९७७ पासून हे करतात. शस्त्रक्रिया छोटी आहे, असं डॉक्टर सांगत होते. पत्नी म्हणाली, ''हे बरंय. निदान एक तरी घट्ट बसेल.'' तो मार्ग मी तिथेच बंद केला.

राहिला क्रॉस. डाव्या कानावर माइक आणि प्रक्षेपक, उजव्यावर तो आवाज झेलणारं यंत्र. डावीकडे बोललेलं बिनतारी उजवीकडे येतं. १९६५ साली अमेरिकेत हार्फर्ड आणि बॅरी यांनी ही युक्ती मांडली, तेव्हा तार मानेमागून किंवा चष्म्याच्या काड्यांतून न्यावी लागे. आता तार गेली आणि किंमत आली.

दुकान वातानुकूलित. मेंदी रंगाचे सोफे, भिंतीवर हसऱ्या आजी-आजोबांचे फोटो, सगळे परदेशी. यंत्रंही बहुतेक डेन्मार्क नाहीतर स्वित्झर्लंडची. समोर टाय लावलेला मुलगा.

''सर, बेसिकमध्ये दोन्ही मिळून एक चाळीस. प्रीमिअममध्ये तीन लाखांपर्यंत जातं. त्यात चॅनल जास्त.''

''माझ्या उजव्या कानाला काहीही झालेलं नाही. मग त्याच्या यंत्राचे पूर्ण पैसे का?''

''सर, ते रिसीव्हिंगला लागतं. शिवाय ते आवाज मोठाही करतं.''

''मला मोठा नकोय.''

''मग आम्ही ते शून्यावर ठेवू, सर.''

''आणि किंमत?''

''किंमत तीच, सर.'' थोडं थांबून, मला धीर द्यायला तो म्हणाला, ''पण सर, पुढे उजवाही कमी होईलच ना. तेव्हा हेच यंत्र चालेल.''

विक्रीकलेचा एवढा प्रामाणिक नमुना मी पाहिला नव्हता. त्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबरही होतं, त्याला बायक्रॉस म्हणतात. पण त्यातून मला एक गोष्ट उमगली, ती एक कान गेलेल्या प्रत्येकाने दुकानात शिरण्यापूर्वी पाठ करावी : जादा चॅनलांची सगळी करामत प्रामुख्याने कमी ऐकणाऱ्या कानासाठी असते. उजवा कान धडधाकट असेल तर ती तुमच्या फारशी कामाची नाही. तुम्हाला हवाय तो डावीकडचा निरोप उजवीकडे आणणारा गडी. तो इंग्रजी बोलतो की नाही याचे पैसे कशाला द्यायचे? आणि दुसरं, दोन्ही नग एकाच कंपनीचे, एकमेकांशी जुळणाऱ्या पिढीचे लागतात. पाच-सहा वर्षांनी एकाने मान टाकली, तर बहुधा दुसऱ्यालाही सती जावं लागतं. वॉरंटी किती वर्षांची, हे म्हणूनच विचारायचं, आणि हरवलं तर काय, हेही.

मेडिक्लेमवाल्यांना फोन केला (उजव्या कानाने). श्रवणयंत्र पॉलिसीत बसत नाही, असं तिकडच्या मधुर आवाजाने सांगितलं. मी म्हटलं, डावीकडे फोन धरून ऐकतो, कदाचित उत्तर वेगळं येईल. तिने फोन ठेवला. दिलासा एकच, श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. बिलातलं ते शून्य मी पत्नीला कौतुकाने दाखवलं. तिने त्याच्या आधीची शून्यं मोजली.

मी अट घातली, आधी घरी नेऊन वापरणार, मग पैसे. मुलाने सरांना विचारतो म्हटलं, सरांनी अनामत घेऊन दिलं.

बैठकीत यंत्र झकास. गाडीत तर चमत्कारच. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा मी भारतात गाडी चालवताना संपूर्ण वाक्यं ऐकली, त्यातली काही माझ्या चालवण्याबद्दल होती. मग मुद्दाम मिसळीच्या हॉटेलात गेलो. कडाप्प्याची टेबलं, वर गरगरणारे पंखे, डावीकडे मोरी. मित्र उजवीकडे बसला होता, तो आधीही नीट ऐकू येत होता. आता त्याच्या बोलण्यावर मोरीतल्या स्टीलच्या ताटल्या इमानदारीने येऊन पडू लागल्या. नको ती बाजूही यंत्र तितक्याच निष्ठेने आणून देतं, हा त्याचा खरा दोष. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये डावी बाजू बंद करायची सोय असते. ती शोधेपर्यंत तर्री गार झाली. दुकानातल्या शांत खोलीत हे कधीच कळलं नसतं.

दिशा मात्र येत नाही ती नाहीच. सगळं ऐकू येतं ते उजव्याच कानात. एका लग्नात डावीकडच्या गृहस्थांनी विचारलं, ''मुलगी काय करते?'' स्वच्छ ऐकू आलं. मी हसून उजवीकडे वळलो आणि तिथे जिलबी खात बसलेल्या अनोळखी बाईंना मुलीचं शिक्षण, नोकरी आणि पगार सविस्तर सांगितला. त्यांनी लगेच आपल्या भाच्याचा फोन नंबर दिला. डावीकडचे गृहस्थ अजून उत्तराची वाट बघताहेत.

शेवटी बेसिकच घेतलं, हप्त्यांवर. हप्ता 'नो कॉस्ट', फक्त प्रोसेसिंगचा आकार वेगळा, म्हणजे तो नो कॉस्ट नव्हता, पण त्या मुलाशी वाद घालायची आता ताकद नव्हती. रोज रात्री दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवतो आणि उजव्या कुशीवर झोपतो. त्या सुखाला हात लावायची कुणाची टाप नाही.

माझं मत विचाराल तर घ्या. मात्र तुमच्या ओळखीतल्या सगळ्यात गोंगाटाच्या हॉटेलात, बहिरी बाजू एकदा मित्राकडे आणि एकदा मोरीकडे करून बसल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि आपली भेट झालीच, तर माझ्या उजवीकडून या. डावीकडून बोललात तरी आता ऐकू येईल, पण त्या बाजूचे हप्ते अजून चालू आहेत, तेव्हा काही कामाचं असेल तरच बोला.