फरशीकाका

सोसायटीत कुणाच्या घरी फरशीचं काम निघालं की ते नोटीस बोर्डाच्या आधी लिफ्टमध्ये कळतं. कोपऱ्यात चिमूटभर वाळू सांडलेली असते. बाकीचे सभासद तिच्यावर पाय देऊन पुढं जातात. फरशीकाका खाली वाकतात, वाळू दोन बोटांत चोळतात आणि लिफ्टमध्ये जो कुणी असेल त्याला सांगतात, "माती आहे हिच्यात. चाळलेली नाही." मग स्वतःच्या मजल्याचं बटण न दाबता ते वाळूचा माग काढायला निघतात.

कोथरूड असो, डोंबिवली असो की नाशिक, असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीच्या वाट्याला येतोच. बिल्डर एखादे वेळी पार्किंग द्यायला विसरेल, पण यांना द्यायला विसरत नाही. वय पासष्टच्या पुढं. पायात स्लीपर, शर्टाच्या खिशात चष्मा आणि पँटच्या खिशात रुपयाचं एक नाणं. हे नाणं खर्चण्यासाठी नसून ठोकण्यासाठी असतं. काकांनी स्वतः आयुष्यात एकही फरशी बसवलेली नाही. नोकरी पाटबंधारे खात्याच्या हिशेब विभागात झाली. पण सिमेंटची बिलं वर्षानुवर्षं हाताखालून गेल्यामुळं सिमेंटही आपल्याच हाताखालून गेलं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

"काम चाललंय वाटतं?" हे त्यांचं प्रवेशाचं वाक्य. ते उच्चारलं जातं तेव्हा आत ब्रेकरनं चारही भिंती हादरत असतात, घरातली भांडी गच्चीवर आणि मुलं आजोळी गेलेली असतात. तोंडाला ओढणी बांधलेली वहिनी "या ना काका" म्हणते. सौजन्य म्हणून म्हटलेल्या त्या तीन शब्दांचं भाडं तिला काम संपेपर्यंत फेडावं लागतं.

काका उंबऱ्याशी चप्पल काढतात, उकिडवे बसतात आणि नाणं काढतात. कालच बसवलेल्या टाइल्सवर एका टोकापासून टिक, टिक, टिक असं सुरू होतं. सगळी खोली गप्प होते. मिस्त्रीचा हात थापीवर थांबतो. छातीला नळी लावलेल्या डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा भाव काकांच्या चेहऱ्यावर असतो. आणि कोपऱ्यातल्या एका टाइलवर टिकच्या जागी 'बद्द' होतं.

"पोकळ!"

या शब्दात दुःख कमी आणि आनंद जास्त असतो, हे मान्य केलं तरी काकांचं निदान बहुधा बरोबर असतं. टाइलखाली माल सगळीकडे सारखा पसरलेला नसला की कोपरे अधांतरी राहतात. वरून काहीच दिसत नाही. पुढं केव्हा तरी कपाटाचा पाय तिथं येतो किंवा हातातला वरवंटा निसटतो आणि टाइल नेमकी त्या कोपऱ्यात तडकते. तोवर मिस्त्री दुसऱ्या गावी गेलेला असतो आणि त्याचा फोन नंबर बदललेला असतो.

मिस्त्री बहुतेक वेळा राजस्थानचा किंवा उत्तर प्रदेशचा. त्याच्याशी काका राष्ट्रभाषेत बोलतात.

"मिस्त्री, ये कोपरे का फरशी पोकळ वाजता है."

"सेट हो जायेगा साब."

"सेट क्या होयेगा? नीचे मालच नहीं, तो क्या सेट होयेगा? और फरशी भिजाया था क्या?"

"साब, ये विट्रिफाइड है. पानी नहीं पीता."

इथं दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. काका ओशाळत नाहीत, पक्ष बदलतात. "वोही तो बोल रहा हूं! पानी नहीं पीता, तो सिमेंट को पकडेगा कैसे? ॲडेसिव्ह किधर है?" आणि मग वहिनीकडे वळून मराठीत व्याख्यान. जुन्या सिमेंटच्या आणि सिरॅमिकच्या टाइल्स पाणी शोषायच्या, म्हणून त्या हौदात भिजत घालायच्या आणि मग सिमेंटवर चिकटवायच्या. विट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. तिची पाठ गुळगुळीत, नुसत्या सिमेंटच्या रबडीवर ती बसल्यासारखी दिसते, पण धरून राहत नाही. वहिनी मान हलवते आणि नवऱ्याला मेसेज करते, 'ते आलेत. तू लवकर ये.' नवरा त्या दिवशी ऑफिसात उशिरापर्यंत थांबतो.

काकांचं मोजमाप सुतात चालतं. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे एक सूत. मिलिमीटरवर त्यांचा विश्वास नाही, मात्र मिलिमीटरमुळं होणारी फसवणूक त्यांना तोंडपाठ आहे. "दोन बाय दोनची टाइल दोन बाय दोन नसते," हे ते खर्जातल्या आवाजात सांगतात. ती सहाशे मिलिमीटरची असते, म्हणजे दोन फुटांना तीन सूत कमी. चार टाइल्सचं खोकं सोळा चौरस फूट धरून हिशेब केला, तर प्रत्यक्षात साडेपंधराच फूट भरतं. हजार फुटांच्या घराला दोन खोकी तिथंच कमी पडतात. वर तुटफूट आणि कापाकापी धरून पाच ते दहा टक्के माल जास्त घ्यावा लागतो, तो वेगळाच. हे गणित ते भिंतीवर पेन्सिलीनं करून दाखवतात. त्या भिंतीला नुकताच रंग दिलेला असला तरी करतात.

दुकानात टाइल्स पसंत करायला त्यांना बरोबर नेऊ नये. नेलं नाही तरी ते तिथं भेटतात. विक्रेता 'नॅनो, डबल चार्ज, जीव्हीटी, पीजीव्हीटी' अशी नावं घेत असतो आणि गिऱ्हाईक प्रत्येक नावाला "हां, हां" म्हणत असतं. काका मध्येच विचारतात, "ही नक्षी किती खोलवर आहे?" विक्रेता गडबडतो. डबल चार्जच्या टाइलमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो. छापील नक्षीच्या टाइलमध्ये सगळं सौंदर्य वरच्या पातळ झिलईत. "तिथं सोफा ओढा एकदा," काका म्हणतात, "मग आतलं खरं रूप दिसेल." गिऱ्हाइकाची बायको एव्हाना संगमरवरासारख्या दिसणाऱ्या नेमक्या त्याच टाइलच्या प्रेमात पडलेली असते. खोक्यावर इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव असतं. काका खोकं उलटं करतात, चष्मा लावतात आणि बारीक अक्षरांतला पत्ता मोठ्यानं वाचतात, "मोरबी, गुजरात."

त्यांना मोरबीचा राग नाही. देशातला बहुतेक माल तिथूनच येतो हे त्यांना माहीत आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की पूर्वी फरशी आपलं गाव लपवत नसे. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादची, कोटा राजस्थानातल्या कोट्याची, ओट्यावरचा काळा कडप्पा आंध्रातल्या कडप्प्याचा. ताजमहालाचा संगमरवर मकराण्याचा, आणि तेही कुणी लपवलं नाही. मग 1922 हे साल येतं. त्या साली मुंबईत स्वदेशीच्या भावनेतून भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी निघाली आणि तिच्या नक्षीदार सिमेंटच्या टाइल्स बड्या बड्या इमारतींत गेल्या. त्यानंतर घराघरांत मोझेक आलं, पॉलिशचं यंत्र आलं, ते घरघरणारं पांढरं चिखलपाणी आलं. शेणानं सारवलेल्या जमिनीपासून निघालेलं हे व्याख्यान मोझेकपर्यंत येईतो दुकान बंद व्हायची वेळ होते. नव्वद सालाच्या पुढचा इतिहास काकांच्या मते शिकवण्याच्या लायकीचा नाही.

जोड दिसू नयेत, ही आजच्या घरमालकाची मोठी हौस. "अख्खा हॉल एकाच दगडाचा वाटला पाहिजे," तो म्हणतो आणि मिस्त्री खूश होऊन टाइलला टाइल भिडवतो, कारण त्यात त्याचेही कष्ट वाचतात. काका अशा वेळी हॉलच्या मधोमध उभे राहून भविष्य सांगतात. टाइलही उन्हात फुगते आणि थंडीत आकसते. तिला हलायला जागा ठेवली नाही, तर एखाद्या दुपारी फट्ट आवाज होतो आणि दोन टाइल्स एकमेकींना रेटत तंबूगत उभ्या राहतात. "अर्धं सूत तरी फट द्या. स्पेसर चार आण्याचा, हॉल लाखाचा." चार आणे चलनातून गेले, हे त्यांना कुणी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही.

जुन्या फरशीवरच नवी फरशी घालण्याचा विषय त्यांच्यासमोर काढू नये. "फोडायचा खर्च वाचतो, राडारोडा टाकायचा त्रास वाचतो," असं घरमालक म्हणतो. काका खाली बसतात आणि दाराच्या तळाशी बोट घालून दाखवतात. जमीन वर आली की दारं अडकतात, मग सुतार, मग दाराला पुन्हा रंग. जुनी फरशी खालून पोकळ असेल तर नवीही तिच्याबरोबर हलणार. "पडक्या दातावर सोन्याची टोपी घालू नये," असा समारोप करून ते स्वतःची कवळी नीट बसवतात.

पण काकांचं खरं कार्यक्षेत्र नहाणी. तिथं ते नाणं खिशात ठेवतात आणि गोटी काढतात. नियम सोपा आहे : फुटाला एक सूत ढाळ, आणि तो जाळीकडे. गोटी भिंतीशी ठेवायची आणि सोडून द्यायची. ती जाळीत जाऊन पडली तर मिस्त्री पास. एका घरी गोटी दाराकडे निघाली, उंबऱ्याला टेकून थांबली आणि तिच्याकडे पाहत मिस्त्री, मुकादम, घरमालक आणि काका असे चौघे बराच वेळ स्तब्ध उभे राहिले. शेवटी मिस्त्री म्हणाला, "गोटी गोल है साब, इसलिए." ती नहाणी पुन्हा फोडली गेली.

टाइल लावण्याआधी काका दुसरी कसोटी लावतात. वॉटरप्रूफिंग झालं की जाळी बंद करून नहाणीत पाणी भरायचं आणि दोन दिवस तसंच ठेवायचं. पाणी उतरलं की नाही हे पाहायला ते वर येत नाहीत. ते खालच्या मजल्यावर जातात, बेल वाजवतात आणि न विचारता छताखाली उभे राहतात. नहाणीत चकचकीत टाइल लावणाऱ्याला ते एवढंच विचारतात, "खुब्याच्या सांध्याचा खर्चही यातच धरलाय ना?"

एवढ्या जाणकाराच्या घरी मकराण्याचा दरबार असेल अशी कल्पना करून कुणी त्यांच्याकडे जाऊ नये. काकांच्या घरात बिल्डरनं दिलेलं जुनं मोझेक आहे, तपकिरी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं, सांडलेले शेंगदाणे त्यात सापडत नाहीत असं. काकू गेल्या कित्येक दिवाळ्या नव्या फरशीची मागणी करतायत. दर वर्षी मिस्त्री बोलावले जातात, त्यांची परीक्षा होते आणि सगळे नापास होतात. एकाला गुण्या धरता येत नव्हता, दुसऱ्याची लेव्हलची नळी गढूळ होती, तिसऱ्यानं "हो जायेगा" हा शब्द वापरला. काकूंनी एकदा हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "यांना फरशीतलं इतकं कळतं, म्हणून आमच्याकडे फरशी होत नाही."

मिस्त्री लोकांनीही काकांवर तोड काढली आहे. मुरलेला मिस्त्री सकाळी एक टाइल मुद्दाम अर्धवट मालावर नुसती टेकवून ठेवतो. अकराच्या सुमाराला काका येतात, टिक टिक करत तिच्यापर्यंत पोचतात आणि "पोकळ!" होतं. मिस्त्री जीभ चावतो, "आप जैसा आदमी चाहिए साब" म्हणतो, टाइल उचलतो, माल भरून पुन्हा बसवतो. काका तृप्त होऊन जेवायला जातात आणि दुपारभर काम बिनबोभाट चालतं. हे मला एका मिस्त्रीनंच चहा पिताना सांगितलं. वर म्हणाला, "पण एक आहे. हे साहेब ज्या घरात बसतात, तिथं बाकीच्या टाइल्स आम्ही नीट लावतो. कधी, कुठली ठोकतील, भरवसा नाही."

काकांवरचा निकाल मिस्त्रीच्या या वाक्यातच आला. आपण फरशीचा रंग बघतो, चमक बघतो, पाहुण्यांना ती कशी दिसेल ते बघतो आणि लाखभर रुपये तिच्या चेहऱ्यावर घालतो. खाली काय आहे, हे विचारणारा सबंध इमारतीत एकच माणूस असतो आणि त्याला आपण कटकट्या म्हणतो. तो कटकट्या आहेच. फक्त खालच्या मजल्यावरच्या छताला ओल आल्यावर सुरू होणारी कटकट त्याच्याहून मोठी असते, आणि ती जेवायला घरी जात नाही.

तेव्हा घरात फरशीचं काम काढणार असाल तर काकांना बोलवायची गरज नाही, ते येतीलच. त्यांना एक स्टूल द्या, चहा द्या आणि भिंतीवर लिहू नयेत म्हणून एक कागद द्या. खोक्यांवरचा शेड नंबर सगळीकडे एकच आहे ना, तेवढं स्वतः बघा. नहाणीत पाणी भरून झाल्याशिवाय मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देऊ नका. आणि काम संपल्यावर उरलेल्या टाइल्स भंगारात न देता प्रत्येक खोलीच्या चार-चार माळ्यावर ठेवा, कारण पाच वर्षांनी एक टाइल तडकेल तेव्हा त्या शेडचा माल मोरबीतही मिळणार नाही.