थांबा की, आवाज येऊ द्या!

साताऱ्याच्या मोती चौकात पाव किलो कंदी पेढे घ्या, नाहीतर सांगलीच्या गणपती पेठेत किलोभर हळद घ्या. पैसे देण्याचं नाटक हल्ली दोन अंकी असतं. पहिल्या अंकात गिऱ्हाईक पैसे देतं. दुसऱ्या अंकात ते दिल्याचं सिद्ध व्हायचं असतं. पहिला अंक बघता बघता उरकतो: मोबाइल काढला, चौकोनावर धरला, रक्कम टाकली, पिन दाबला. मग गिऱ्हाईक, दुकानदार आणि मागची रांग असे सगळे मिळून गल्ल्याशेजारच्या, पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डबीकडे बघत उभे राहतात. डबी गप्प. मोबाइलवर हिरवी खूण उमटलेली असते, बँकेचा मेसेज वाजून गेलेला असतो, बारा आकडी व्यवहार क्रमांक डोळ्यांसमोर असतो. पण यातला एकही पुरावा ग्राह्य नाही. पुड्याच्या गाठीवरचं बोट न हलवता दुकानदार म्हणतो, ‘थांबा की, आवाज येऊ द्या.’ १९४९ साली सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. तेव्हापासून दोन्ही जिल्ह्यांचं कशावर म्हणून एकमत होत नव्हतं. या एका वाक्यावर मात्र झालं आहे.

गंमत अशी, की ज्या तंत्राने हे पैसे जातात ते स्वभावाने कमालीचं लाजाळू आहे. यूपीआय २०१६ साली आलं तेव्हा निदान चौकोनाचा फोटो तरी काढावा लागत होता. आता पुढची पायरी आली आहे. मोबाइल यंत्राजवळ नुसता न्यायचा, की झालं. त्यातली चिप १३.५६ मेगाहर्ट्‌झच्या लहरींवर यंत्राशी कुजबुजते, आणि तीही चार-दोन सेंटिमीटरच्या आत. अंतर जरा वाढलं की बोलणं बंद. कुजबुजतानासुद्धा ती आपल्या कार्डाचा खरा नंबर सांगत नाही. एक पर्यायी नंबर आणि त्या एकाच व्यवहारापुरता सांकेतिक आकडा देते, म्हणजे वाटेत कुणी कान लावून बसलं असलं तरी त्याच्या हाती काही लागू नये. पिन टाकताना आकड्यांच्या जागी ठिपके दिसतात. पिन कुणाला सांगू नका, ओटीपी कुणाला सांगू नका, असं बँका ऊठसूट बजावत असतात. एवढं सगळं अभियांत्रिकी डोकं पणाला लावून पैसे दबक्या पावलांनी पलीकडे पोचतात, आणि पोचल्या पोचल्या डबी अख्ख्या पेठेला सांगते, ‘चारशे ऐंशी रुपये प्राप्त झाले!’ तिजोरीला सात कुलपं लावून दाराशी दवंडीवाला बसवावा, तसा हा प्रकार. डबीला आवाज कमी-जास्त करायची दोन बटणं असतात. कुठलीही डबी उचलून बघा. अधिकच्या बटणावरची खूण बोटं लागून लागून पुसलेली असते, त्यावर हळदीचा नाहीतर खव्याचा थर असतो. उण्याचं बटण कारखान्यातून आलं तसं कोरं करकरीत.

यावर पहिला आक्षेप इतिहासाच्या बाजूने येतो. पैसा आणि आवाज यांचं नातं जुनंच आहे, चांदीचा रुपया दगडावर आपटून त्याची खणखण ऐकल्याशिवाय आपले पणजोबा तो कनवटीला लावत नव्हते, मग डबीनेच काय घोडं मारलं आहे? मुद्दा बिनतोड वाटतो, पण टिकत नाही. रुपया वाजला तर तो रुपया खरा आहे, एवढं त्या रुपयावरूनच कळायचं; किती रुपये आहेत हे शेजाऱ्याला कळत नव्हतं. डबीचा आवाज पैशाचा नसतोच. कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरने डबीला संदेश धाडला, एवढंच तो सांगतो. संदेश आला नाही तर पैसा खरा असून मुका, आणि गिऱ्हाईक खरं असून खोटं. बाजाराला गुप्ततेची किंमत कळत नव्हती असंही नाही. जुन्या सौद्यांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे. त्यात शेतकरी नागवला जायचा, म्हणून उघड लिलाव आले, आणि ते योग्यच झालं. पण उघड झाला तो भाव. कुणाच्या खिशातून किती गेले, याची जाहिरात कुणी मागितली नव्हती. भाव चारचौघांत असावा आणि खर्च आपल्यापाशी असावा, हा बाजाराचा साधा शहाणपणा आहे. आपण नेमकं उलटं केलं. भावाचा फलक बरण्यांच्या मागे तोंड फिरवून उभा आणि गिऱ्हाइकाचा खर्च मात्र नाक्यापर्यंत ऐकू जातो.

दुसरा आक्षेप जास्त घरचा आहे. आपल्या भागाला पैसा पुकारण्याचं वावडं होतं कधी? लग्नात आहेर माइकवरून पुकारला जायचा. कुस्तीच्या मैदानात पैलवानाला बक्षीस लागलं की देणाऱ्याच्या नावासकट कर्णा गर्जायचा. पुसेगावच्या यात्रेत सेवागिरी महाराजांच्या रथावर भाविक नोटांच्या माळा चढवतात, त्या साऱ्या पंचक्रोशीला दिसतात. सगळं कबूल. पण या प्रत्येक ठिकाणी देणाऱ्याला ते दिसायला किंवा ऐकू जायला हवं असतं. आहेर पुकारला नाही तर मामा रुसतो. डबीला रुसवाफुगवा कळत नाही. ती रक्कम सांगते आणि नाव गिळते, आणि तिथेच सगळा घोटाळा आहे. मांडवात आहेराचा कोड लावला आणि डबी म्हणाली, ‘एकशे एक रुपये प्राप्त झाले’, तर अख्खी पंगत जिलेबी पानात ठेवून मान वर करते आणि मोबाइल खिशात कोण घालतंय ते बघते. देवळात गुप्तदानाची पेटी होती तिच्याशेजारी कोड आला. आता भक्ताने डोळे मिटून हात जोडायचे आणि देवाच्या साक्षीने, रांगेच्या साक्षीने, पुजाऱ्याच्या साक्षीने ‘अकरा रुपये प्राप्त झाले’ हे ऐकायचं. त्याच्या मागचा लाजेकाजेस्तव एकवीस टाकतो, त्याच्या मागचा एक्कावन्न, आणि भक्तीचा असा उघड लिलाव सुरू होतो की हळदीच्या अडत्यांनी धडे घ्यावेत. दवाखान्यात एका पेशंटला ‘तीनशे’ आणि दुसऱ्याला ‘पाचशे’ ऐकू आलं की बाकावरचे सगळे आपापला आजार विसरून दोनशेच्या फरकाचं निदान करायला बसतात. सगळ्यांत हाल उधारीवाल्याचे. किराणावाल्या तात्यांचे दोन महिन्यांचे पैसे थकले आहेत, ‘पगार झाला की देतो’ असं कालच सांगून झालं आहे, आणि आपण इअरफोन घेताच शेजारच्या मोबाइलच्या दुकानातली डबी भिंतीपलीकडून खणखणीत सांगते, ‘दोन हजार दोनशे रुपये प्राप्त झाले!’ तात्या काही बोलत नाहीत. नुसते वहीचं पान उलटतात. पूर्वी ज्याची पत जायची त्याला ती कशाने गेली हे तरी कळायचं. आता इअरफोनच्या पायी, शेजारच्या दुकानातून, परस्पर जाते.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी न्यायचा नाही. डबी हौसेने आलेली नाही. खोटे स्क्रीनशॉट दाखवून, पैसे गेल्यासारखं दिसणारी बनावट अ‍ॅप वापरून छोट्या दुकानदारांना गंडवणारे भामटे गावोगाव निघाले, तेव्हा ती आली. आठवडी बाजारात मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या मावशींचे हात चिखलाचे, भडंग कालवणाऱ्याचे तेलातिखटाचे. त्यांनी दर गिऱ्हाइकागणिक हात पुसून मोबाइल बघायचा कसा? त्यांच्यासाठी कानाने कळणं ही चैन नाही, गरज आहे. आणखी एक श्रेय द्यायलाच हवं. सुट्ट्यांच्या नावाखाली हातावर चॉकलेट टेकवण्याची परंपरा या व्यवहारांनी मोडीत काढली. सतरा रुपयांचे सतरा रुपयेच जातात. पण मावशींना आवाज हवा, तर तो मावशींपुरता हवा. पैसे आल्याचं कळायला एक टुणकन आवाज आणि रक्कम वाचायला दुकानदाराच्या बाजूला एक छोटा पडदा पुरतो. असे पडदे असलेल्या डब्या बाजारात आहेतही. तरी ओरडणारीच डबी घरोघर का? उत्तर हिशेबात सापडतं. बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये तर देशभरात एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले, म्हणजे फुकट वाहणारी एवढी गंगा दारावरून जाते आणि हात धुवायला मिळत नाहीत. मग भाडं कशाचं लावायचं? आवाजाचं. पैसे पोचणं फुकट, पोचल्याचं ऐकणं महिन्याच्या भाड्याने. ज्याची कमाई ओरडण्यावर आहे तो उण्याचं बटण कुणाला कशाला शिकवील? डबीवर कंपनीचं नाव ठसठशीत असतं. दिवसातून शंभरदा बोंब मारणारी जाहिरात गल्ल्याशेजारी बसलेली आहे, आणि तिचं भाडं कंपनी दुकानदाराला देत नाही, दुकानदार कंपनीला देतो!

बरं, एवढं भाडं भरून ती वेळेवर ओरडते का? डबीच्या पोटात स्वतःचं सिमकार्ड असतं. त्याला रेंज नसली की ती मौनात जाते. इकडे तंत्रज्ञांनी सप्टेंबर २०२३ मध्ये ‘यूपीआय लाइट एक्स’ नावाची खरोखर कौतुकाची सोय जाहीर केली: दोन्ही मोबाइलना रेंज नसली तरी एकमेकांजवळ नेऊन छोटी रक्कम देता येते. कोयनेच्या जलाशयाकाठी, बामणोली-तापोळ्याच्या बाजूला, पाटणच्या डोंगरात, जिथे रेंज शोधायला माणसं चढावर जातात, तिथे यापरतं वरदान कोणतं? त्यासाठी दोघांच्याही मोबाइलमध्ये ती कुजबुजणारी चिप लागते आणि स्वस्तातल्या बहुतेक मोबाइलमध्ये ती नसते, ही अडचण क्षणभर बाजूला ठेवू. समजा दोघांकडे चिप आहे. मोबाइलला मोबाइल भिडला. रेंजविना पैसे गेले, रेंजविना पोचले, विज्ञानाने डोंगर ओलांडला. आणि दुकानदार म्हणणार, ‘थांबा की, आवाज येऊ द्या.’ आवाज कुठून येणार? डबीला रेंज नाही!

इथे हसू संपतं आणि डोकं फिरतं. जी माणसं डबीच्या आज्ञेशिवाय पुडा सोडत नाहीत, तीच माणसं दहा रुपयांचं नाणं हातात घेत नाहीत. ‘चालत नाही.’ कुणी सांगितलं? ‘कुणीच घेत नाही.’ सरकारी टांकसाळीत पाडलेलं, दोन धातूंचं, कायद्याने पूर्णपणे चलनात असलेलं नाणं एका अफवेवर बाद होतं. ते वाजवून बघा, तोलून बघा, दाताखाली धरून बघा, त्याच्या खरेपणाचा पुरावा तुमच्या तळहातावर असतो. तरी ते खोटं. आणि कोण कुठला पोरगा येऊन काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा कागद काउंटरला चिकटवून जातो, एक प्लास्टिकची डबी ठेवून जातो, ते खरं! त्या चौकोनावर कुणी रात्रीतून दुसरा चौकोन डकवला तर दिवसभराची कमाई तिसऱ्याच्याच खात्यात जाईल, ही भीती कुणाला वाटत नाही. नाण्याची वाटते! अविश्वासालाही काही हिशेब असावा की नाही? पैसे खात्यातून वजा झालेले असतात, ते मधल्या मध्ये लटकलेले असतात, ‘काही दिवसांत परत जमा होतील’ असा निरोप मोबाइलवर झळकत असतो. आणि तेवढे दिवस पाव किलो पेढ्यांसाठी माणसाने दुकानाच्या पायरीवर चोरासारखं उभं राहायचं, नाहीतर तेच पैसे दुसऱ्यांदा भरायचे. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, बापाच्या वेळेपासूनची ओळख, हातातला मेसेज, यातलं काही चालत नाही. साक्ष फक्त डबीची. तीही आज दिवसभर चार्जिंगला लावायची राहिली होती.

म्हणून मागणी साधी आहे, आणि ती डबी फोडण्याची नाही. रक्कम दुकानदाराच्या डोळ्यांना दिसावी, बाजाराच्या कानांना नको. डबी आणून ठेवताना आवाजी रक्कम बंद असावी आणि ज्याला हवी त्याने ती चालू करावी. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर व्यवहार पुरा झाल्याचा बारा आकडी क्रमांक असेल तर तो आपल्या अ‍ॅपमध्ये तिथल्या तिथे तपासायची तसदी दुकानदाराने घ्यावी; तपासून मिळाला नाही तर खुशाल अडवावं. आणि रेंज, बॅटरी किंवा सर्व्हर यांच्यापायी डबी मुकी राहिली तर अडकलेल्या रकमेची जोखीम त्या डबीचं भाडं खाणाऱ्याने उचलावी, गिऱ्हाइकानेही नव्हे आणि दुकानदारानेही नव्हे. आवाजाचे पैसे जो घेतो, गप्प बसण्याचा दंडही त्यानेच भरावा. असा नियम उद्या झाला, तर परवा सकाळपर्यंत दोन्ही जिल्ह्यांतल्या डब्यांना एकदम कंठ फुटेल. आणि कंपनीचा माणूस दंड भरायला गल्ल्याशी आला की दुकानदाराने त्याला पायरीवर उभं करून एवढंच सांगावं, ‘थांबा की, आवाज येऊ द्या.’